टोपीची घडी

धोतर कितीही आपटा, पिळा, वाळले की ते पुन्हा धोतरच असते. टोपीचे तसे नाही. तिला आकार असतो. तो शिंप्याने दिलेला असला तरी सांभाळावा लागतो धुणाऱ्याला. पांढरी टोपी म्हणजे तरी काय, एक दुपदरी पट्टा आणि आत दुमडलेला माथा. पण तेवढी दुमड बिघडली, की भल्या माणसाच्या डोक्यावर कुणीतरी फडके वाळत घातल्यासारखे दिसते.

काका कालेलकरांनी गांधीजींचा टोपीमागचा विचार लिहून ठेवला आहे. काळ्या टोपीत घाम मुरतो आणि मळ दिसत नाही. पांढरी टोपी नेहमीच्या कपड्यासारखी धुता येते, घडी करून खिशातही जाते. १९२०-२१ च्या असहकारात ती देशभर पसरली, आणि आमच्या सातारा जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून ती पुढेही उतरली नाही. हिशेब चोख होता. ती रोज धुवायची कोणी, एवढेच त्यात नव्हते. आमच्या घरी ते आईकडे होते.

आई २०२१ साली गेली, तेव्हापासून दादांच्या टोप्या मी धुतो. चैत्र लागला की कपाळाच्या पट्ट्यावर पिवळी रेघ धरू लागते. ती नुसत्या घामाची नसते, घामात खोबरेल असते. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते, म्हणून गार पाण्यात कितीही साबण घासा, रेघ हलत नाही. पाणी कोमट हवे. पट्टा अर्धा तास भिजू द्यावा, साबण लावून बोटांनीच चोळावा. ब्रशने कापडाला लव सुटते. ब्लीचिंग पावडरचा मोह पुष्कळांना होतो. टोपी चार वेळा दुधासारखी निघते आणि पाचव्या वेळी घडीवरच विरते. त्यापेक्षा साबणासकट तासभर उन्हात ठेवावी. ऊन फुकट आहे, आणि आमच्याकडे ते भरपूर आहे.

टोपी पिळायची नाही, दोन तळहातांत दाबायची. शेवटच्या पाण्यात नीळ अगदी थेंबभर, तीही आधी वेगळ्या वाटीत ढवळून. मग भाताची पेज फडक्यातून गाळून, पाणी घालून पातळ केलेली. दाट कांजीची टोपी पहिल्या दिवशी पुठ्ठ्यासारखी उभी राहते खरी, पण घडीवर तिला तडा जातो आणि दुपारच्या घामाने ती कपाळाला चिकटते. दोरीवर चिमट्याने टांगू नये, टोकाला कान फुटतो. पाटावर आडवी ठेवून, माथा आत सारून, जुन्या घडीवरच घडी बसवावी आणि किंचित दमट असताना इस्त्री फिरवावी. आई तांब्यात निखारे घालून इस्त्री करी. माझी विजेची आहे. टोपीला त्याचे सोयरसुतक नाही.

जुन्या घडीवरच, हे महत्त्वाचे. परीक्षेच्या दिवसांत मी शाळेत अडकलो होतो, म्हणून टोप्या तालुक्याच्या एका लाँड्रीत दिल्या. परत आल्या त्या लखलखीत, पण घडी बोटभर सरकलेली. दादांना आता नीट दिसत नाही. त्यांनी टोपी हातात घेतली, घडीवरून अंगठा फिरवला आणि ती खुंटीला अडकवली. त्या दिवशी चुलतभावाच्या मुलीची सुपारी होती. दादा गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. मुलीच्या बापाला ते अजून लागलेले आहे. टोपीपायी आजोबा आले नाहीत, हे त्याला सांगायचे तरी कसे? कादंबरीत घातले तर संपादक काट मारील.

सध्या घरात पाच टोप्या आहेत. दादांचे बाहेर पडणे कमी झाले, आठवड्याला दोन पुरतात. मी पाचही धुतो. नुसती ठेवलेली टोपीसुद्धा पिवळी पडते. रविवारी संध्याकाळी ते एकेक टोपी मांडीवर घेऊन अंगठ्याने तपासतात.

"कांजी पातळ झाली," म्हणतात. "तुझ्या आईची घट्ट असायची."

आईची याहून पातळ असे. मी पुढच्या वेळी घट्ट करतो म्हणतो, आणि करतो तितकीच.