वॉलमार्टच्या आवारात मुक्काम



उन्हाळा लागला की आपल्यातल्या बऱ्याच जणी मुलांकडे अमेरिकेला निघतात. पूर्वी तिकडची सहल म्हणजे विमान, हॉटेल आणि बॅगेत खाखऱ्यांचे डबे. आता मुलं आरव्ही भाड्याने घेतात. आरव्ही म्हणजे ओटा, फ्रीज, झोपायची जागा आणि संडास-बाथरूम असलेली घरासारखी मोटार. आपल्या खाण्यापिण्याच्या नियमांना ही गाडी फार सोयीची. कंदमूळ घातलंय का, अंडं आहे का, असं ठिकठिकाणी विचारत बसावं लागत नाही. आपलं पाणी आपण उकळावं, आपली मुगाची खिचडी आपण लावावी. पण रात्र झाली की ही एवढी गाडी लावायची कुठे? मंडळात मी सहज म्हणाले, "आम्ही चार रात्री वॉलमार्टच्या आवारात काढल्या," तर एकीने कपाळाला हातच लावला. "अगं, असं उघड्यावर? पोलीस नाही येत? कुणी हाकललं तर?" तिची लेक या जूनमध्ये तिला असंच फिरवणार आहे. तिच्यासाठी आणि तुम्हा सगळ्यांसाठी सविस्तर लिहिते.

आम्ही शिकागोहून यलोस्टोनला गेलो होतो. लेक, जावई, नऊ वर्षांची नात, मी आणि हे. वाटेत विस्कॉन्सिन, मिनेसोटा, साउथ डकोटा, वायोमिंग अशी राज्यं लागतात आणि मधली अंतरं अशी की दिवसभर चालूनही नकाशावर बोटभर सरकल्यासारखं वाटतं. रात्रीसाठी रीतसर कॅम्पग्राउंड असतात. तिथे वीज-पाण्याची जोडणी मिळते, मैलपाण्याची टाकी रिकामी करता येते. आम्हाला रात्रीचे ५० ते ८० डॉलर पडले. जिथे दोन-तीन दिवस राहून बघायचं आहे तिथे ते पैसे योग्यच. पण नुसतं आठ तास पाठ टेकायची आणि सकाळी पुढे निघायचं, तेवढ्यासाठी ७० डॉलर देताना माझ्यातली बी.कॉम. जागी होते. अशा वेळी तिकडचे लोक मोठ्या दुकानांच्या आवारात गाडी लावतात. वॉलमार्ट त्यात सगळ्यांत प्रसिद्ध. क्रॅकर बॅरल नावाची उपाहारगृहं आहेत, महामार्गावरचे मोठे पेट्रोलपंप आहेत, तिथेही लावतात. गंमत बघा, वॉलमार्टचं पहिलं दुकान १९६२ चं आणि केओए या मोठ्या कॅम्पग्राउंडवाल्यांची सुरुवातही १९६२ चीच.

"वॉलमार्टमध्ये चालतं" हे मात्र अर्धंच खरं. कंपनीचं धोरण असं की परवानगी त्या त्या दुकानाच्या मॅनेजरने द्यायची. जागा किती आहे आणि गावाचा कायदा काय म्हणतो ते पाहून. काही नगरपालिकांनी गाडीत रात्र काढायला बंदी केली आहे, तिथे मॅनेजरची कितीही इच्छा असली तरी उपयोग नाही. म्हणून आमची लेक दुपारी दोन-तीनलाच फोन करायची. रात्रभर गाडी लावली तर चालेल का, गावाचा काही नियम आड येतो का, आणि आवाराच्या कोणत्या बाजूला लावू. हो म्हणणाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेवायची. पोहोचल्यावर पुन्हा एकदा काउंटरवर जाऊन सांगायची. जावई म्हणायचे, "फोन केलाय की, आता परत कशाला?" पण दुपारचा माणूस वेगळा आणि रात्रपाळीचा वेगळा.

आपल्याला हे विचारणं जड जाऊ नये. तिसरं व्रत अदत्तादानाचं, म्हणजे न दिलेलं घेऊ नये. रिकामी दिसली म्हणून जागा आपली होत नाही. आपले साधू-साध्वीजी कुठेही उतरले की आधी जागेच्या धन्याची आज्ञा घेतात, किती दिवस राहणार तेही सांगतात. आचारांगात ओग्गहाचं, म्हणजे अशा आज्ञेचं, वेगळं अध्ययनच आहे. आणि ज्याने जागा दिली तो शय्यातर, त्याच्या घरची गोचरी साधू घेत नाहीत. माझी सासू सांगायची, एकाच माणसावर दोनदा भार नको म्हणून. आम्हा संसारी लोकांचा हिशेब इथे बरोबर उलटा. ज्याच्या आवारात झोपायचं त्याच्याकडूनच दूध, फळं, डिझेल-पेट्रोल घ्यायचं, हा तिकडचा शिष्टाचार आहे. सक्ती कुणी करत नाही, पण त्यांनी आपल्याला का ठेवून घ्यावं याचं उत्तर तेच आहे.

आरव्हीवाल्यांचा एस्केपीज नावाचा जुना क्लब आहे, १९७८ पासूनचा. त्यांनी या मुक्कामाचे नियम घालून दिले आहेत आणि शहाणे प्रवासी ते पाळतात. मुक्काम एकाच रात्रीचा. खुर्च्या बाहेर मांडायच्या नाहीत, गाडीचा छत्रीसारखा कापडी मांडव उघडायचा नाही, शेगडी बाहेर पेटवायची नाही. गाडी समतल करायचे जॅक डांबरावर टेकवायचे नाहीत, उन्हाने मऊ झालेल्या डांबरात खड्डे पडतात. निघताना जागा आलो त्याहून स्वच्छ. हे सगळं कशासाठी, तर आपण तिथे गाडी लावली आहे, बिऱ्हाड थाटलेलं नाही, हे बघणाऱ्याला कळावं. पूर्वी चालत असे आणि आता फलक लागले आहेत अशी दुकानं आम्हाला वाटेत भेटली. कचरा टाकून गेलेले, आठ-आठ दिवस हलले नाहीत असे, आणि किळस वाटेल पण लिहिते, मैलपाण्याची टाकी तिथेच सोडून गेलेले लोक. सांडपाणी फक्त ठरवून दिलेल्या ठिकाणीच सोडायचं. भांडी घासलेलं पाणीसुद्धा.

एका गावी असंच झालं. फोनवर हो म्हणाले होते आणि आवारात शिरतो तो खांबावर पाटी, रात्री गाड्या लावू नयेत. जावई म्हणाले, "नाव लिहून घेतलंय, झोपू या." लेक आत जाऊन विचारून आली. गावाचा नियम अलीकडेच बदलला होता आणि फोनवरच्या मुलाला तो माहीत नव्हता. आम्ही दूध-केळी घेतली आणि चाळीस मिनिटांवरच्या ट्रक थांब्यावर गेलो. तो पर्याय सकाळीच शोधून ठेवलेला होता. दुसरी जागा माहीत असल्याशिवाय पहिलीवर विसंबू नका. थकलेला माणूस अंधारात नवी जागा शोधतो, तेव्हाच घात होतो.

आता सुरक्षेचं. उजेड आहे तोवर पोहोचा. आवारात एक चक्कर मारा, मन खात नाही ना ते बघा. खात असेल तर कारण शोधत बसू नका, सरळ निघा. गाडी दुकानाच्या दारापासून लांब, कडेला, पण दिव्याच्या उजेडात लावायची. दुसऱ्या आरव्ही असतील तर त्यांच्या बाजूला. माल उतरवायच्या ट्रकच्या वाटेत नको. तोंड बाहेरच्या रस्त्याकडे हवं, आणि चालकाच्या सीटवर पसारा नको. किल्ली रोज एकाच खुंटीला. म्हणजे काही झालं तर दार न उघडता, खाली न उतरता, गाडी सुरू करून निघता येतं. मी आणखी एक करायचे: दुकानाचं नाव, रस्ता आणि गाव एका चिठ्ठीवर लिहून दाराजवळ चिकटवायचे. रात्री अपरात्री ९११ ला फोन करायची वेळ आली तर "आम्ही वॉलमार्टमध्ये आहोत" एवढं सांगून कसं भागेल? नातीलाही ती चिठ्ठी वाचायला शिकवली. आणि आज कुठे मुक्काम आहे त्याचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी टाकायचे, त्याच रात्री नाही.

माझी खरी चिंता चोराची नव्हती. यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, रात्रभर सी-पॅप मशीन लावावं लागतं. कॅम्पग्राउंडवर वीज असते. दुकानाच्या आवारात ती कुठून आणायची? गाडीला जनरेटर असतो, पण तो रात्रभर चालवणं दोन कारणांनी नको. एक तर शेजारच्याची झोप मोडते. दुसरं म्हणजे त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. आपला जनरेटर बंद असला तरी शेजारच्या गाडीचा धूर आपल्या खिडकीत येऊ शकतो. म्हणून गाडीतला त्याचा अलार्म रोज रात्री बटण दाबून तपासायचा. तसाच गॅसगळतीचा. तो जमिनीलगत बसवलेला असतो, कारण तिकडचा प्रोपेन गॅस आपल्या सिलिंडरमधल्यासारखाच हवेपेक्षा जड, खाली साठतो. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून ठेवणं तर कधीच नाही.

मशीनवर तोडगा निघाला तो असा. डॉक्टरांना आणि मशीनवाल्यांना विचारून १२ व्होल्टवर चालणारा अडॅप्टर घेतला. हवा दमट करणारं भांडं आणि गरम होणारी नळी बंद ठेवली, जास्तीत जास्त वीज तीच खातात. (हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारूनच करा.) गाडीला घरातल्या वापराची बॅटरी वेगळी असते, इंजिनाची वेगळी, त्यामुळे सकाळी गाडी सुरू होणार नाही ही भीती नव्हती. तरी निघण्याआधी एक रात्र लेकीच्या घरासमोर गाडी लावून आम्ही त्यात झोपून पाहिलं. पहाटे पाचलाही बॅटरी शिल्लक होती. हीटरचा पंखा मात्र बॅटरी भराभर पितो, म्हणून रात्री हीटर बंद आणि अंगावर दोन-दोन पांघरुणं. मशीनचा बारीक सूं-सूं आवाज चालू आहे ना, हे ऐकत पहिल्या रात्री मी जागीच होते. नवकार म्हणता म्हणता डोळा लागला.

झोप शांत लागेल अशी आशा ठेवू नका. मालाच्या ट्रकची शीतयंत्रं रात्रभर घुमतात आणि पहाटे तीनला आवार झाडणारी मोटार येते. आणि बहुतेक वॉलमार्ट २०२० नंतर रात्री बंद असतात, त्यामुळे दुकानातल्या बाथरूमवर विसंबू नका.

एका रात्री साडेअकराला दारावर थाप पडली. माझं काळीज हललं. परदेश, आपला रंग वेगळा, बोलणं वेगळं. लेकीने दार उघडलं नाही. आतला दिवा लावला, खिडकीची काच दोन बोटं खाली केली आणि "कोण?" म्हणून विचारलं. रखवालदार होता. पहाटे ट्रक येणार, गाडी पलीकडच्या रांगेत घ्या, म्हणाला. लेकीने दुपारी बोललेल्या माणसाचं नाव सांगितलं, त्यावर त्याने मान डोलावली. पाच मिनिटांत गाडी हलवली. किल्ली खुंटीला आणि सीट मोकळी होती, म्हणून पाच मिनिटांत.

पलीकडच्या रांगेत एक जुनी व्हॅन उभी होती. सकाळी तिच्यातून माझ्याच वयाची एक बाई मांजर घेऊन उतरली. मी दशम्या भाजत होते, वासाने तिने हसून हात केला. लेक मध्ये बोलायला होती म्हणून आमचं जमलं. नवरा गेला, घराचं भाडं परवडेना, तेव्हापासून ती व्हॅनमध्येच राहते. एका आवारात एकच रात्र, सूर्य उगवला की बाहेर. "तुम्हाला पाहून ते हसतात, मला पाहून घड्याळ बघतात," असं काहीसं ती म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही. आमच्या खिशात कॅम्पग्राउंडचे पैसे होते आणि ते वाचवायला आम्ही इथे आलो होतो. तिला पर्यायच नव्हता, आणि एकेक आवार बंद होत चाललं होतं. तिने दोन दशम्या खाल्ल्या, हिरवी पानं कशाची म्हणून विचारलं. मेथी म्हणजे काय हे सांगता सांगता लेकीला घाम फुटला. आमच्या गाडीच्या आधी तिची व्हॅन निघाली. तिच्या जागेवर कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

त्यानंतर आवारात फेरी मारून इतरांनी सोडलेल्या ढकलगाड्या दुकानाच्या दाराशी लावून यायचं काम नातीने आपणहून घेतलं.

खर्च विचारणारीला सांगते: चार रात्रींत त्या दुकानांतून सामान आणि इंधन मिळून सव्वाशे डॉलरच्या वर खरेदी झाली. यातलं बहुतेक लागणारच होतं. यलोस्टोनच्या आत मात्र हा प्रकार चालत नाही, तिथे रात्री कॅम्पग्राउंडवरच राहावं लागतं आणि त्याचं आरक्षण फार आधी करावं लागतं.

चौविहाराचं दोघींनी विचारलं होतं. जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री पावणेनऊ-नऊला मावळतो, त्यामुळे मुक्कामाला पोहोचून, खिचडी करून, भांडी आवरूनही वेळ उरतो. फक्त साउथ डकोटाच्या मध्यात घड्याळ एक तास मागे जातं. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. पच्चक्खाणाची वेळ त्या दिवशीच्या गावाच्या सूर्यास्तावरून काढा, शिकागोच्या नव्हे.