एक बेदाणा

आमची कन्या कॉलेजतर्फे शंभर मीटर धावते. म्हणजे, धावायची. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ती बंदूक वाजायच्या आधीच सुटली आणि पंचांनी तांबडं-काळं कार्ड दाखवून तिला बाहेर काढली. पूर्वी पहिली चूक पोटात घालत; 2010 पासून एक चूक की खेळ खलास! तिचे स्पाइक्स माळ्यावर गेले. मी स्टँडमध्येच होतो. माझा घसा पुढे दोन दिवस बसलेला होता.

यंदा कॉलेजने खेळाडूंसाठी 'माइंडफुलनेस'चा वर्ग काढला. मराठीत सजगता. आईने ढकलून पाठवलं म्हणून कन्या गेली. एका रविवारी पालकांनाही बोलावणं आलं. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला. मी प्रसाद समजून तोंडात टाकला. बघतो तो, बाकीची मंडळी आपापला बेदाणा न्याहाळताहेत, हुंगताहेत, एक गृहस्थ तर कानाशी नेऊन ऐकताहेत! मला दुसरा देण्यात आला. जन्मभर तासगावचे बेदाणे मुठीमुठीने खाल्ले, पण एकाला सुरकुत्या किती, हे पन्नाशी उलटल्यावर कळलं.

बाई म्हणाल्या, अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये हे दुखणेकऱ्यांसाठी सुरू केलं आणि पुढे 1984 च्या ऑलिंपिकच्या वल्हेकऱ्यांनाही शिकवलं. मन भरकटलं की त्याच्यावर डाफरायचं नाही, हाताला धरून श्वासापाशी परत आणायचं.

"म्हणजे भाड्याचा खर्च वाचवून इगतपुरी," मी पुटपुटलो. हिने कोपर मारलं.

मग बाईंनी मुलांना विचारलं, "ब्लॉकवर वाकल्यावर तुम्हांला काय ऐकू येतं?"

कुणी म्हणालं छातीची धडधड, कुणी म्हणालं वारा. आमची कन्या म्हणाली, "बाबा."

"बाबा?"

"तो स्टँडमधून ओरडतो. 'सूट! सूट!'"

सगळा हॉल अत्यंत सजगतेने माझ्याकडे बघू लागला.

घरी येऊन मुकाट्याने स्टूल लावलं आणि स्पाइक्स काढून दिले.

परवा शर्यत झाली. स्टार्टरने 'सेट' म्हटलं आणि मी तोंडात बेदाणा टाकला. लक्ष श्वासावर ठेवायचं होतं, पण श्वास कुठे गेला होता कोण जाणे! बंदूक वाजली. मग कन्या सुटली. त्याच क्रमाने!

चौथी आली. धापा टाकत स्टँडपाशी येऊन म्हणाली, "बाबा, तू आत्ता आलास का? मला ऐकूच आला नाहीस!"

मला काही बोलता येईना. बेदाणा अजून तोंडातच होता.