गटिंग तुटलं!
कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चंच, तेव्हा मित्रांनो, सांभाळून घ्या. पण 'गटिंग तुटलं' हे मला कुठल्याही भाषेत रडून सांगता येतं! कारण ते तुटलं की आमची रॅकेट वसमतहून थेट नांदेडला जाते, बाबांच्या पिशवीतून, एसटीने.

मागच्या सेमला मी हौसेने 0.65 मिमीचं पातळ गटिंग 26 पौंडांवर ताणून घेतलं. काय तो स्मॅशचा आवाज! पंधराव्या दिवशी शटल फ्रेमजवळ लागलं आणि खेळ खलास. बाबा काहीच बोलले नाहीत, रॅकेट पिशवीत घातली. तेच जास्त लागलं.

मग डोकं चालवलं. 0.70 आणि 0.65, फरक केसाएवढा. पण तारेचा क्रॉस-सेक्शन 14 टक्क्यांनी घटतो. (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये जेमतेम पास झालेल्याला हे उशिराच सुचणार!) आता योनेक्सचं बीजी 65, 0.70 मिमी, ताण फक्त 22 पौंड. आवाज बद्द येतो, पोरं हसतात, हसू देत.

सहावा महिना चालू आहे. परवा बाबांनी विचारलं, "काय रे, खेळणं सोडलंस की काय?"