सारवलेली भिंत

वेरूळच्या लेण्यांमधल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं. पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांचं हे काम. बातम्यांनी त्यातली भांगेची गंमत तेवढी उचलली. मला मात्र पद्धतीत रस वाटला. गिलाव्याचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की तंतूची ठेवण दिसते. त्यावर अवरक्त किरण सोडले की कुठले किरण शोषले गेले यावरून आतले रासायनिक बंध कळतात. मग आजच्या झाडाचे तंतू घेऊन ताडून पाहायचं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. दिसतं ते आणि असतं ते यांतला फरक शोधण्यातच माझाही दिवस जातो.

पण मी सास्तूरची आहे. त्यामुळे मातीच्या भिंतीबद्दल वाचताना मला आधी आमची भिंत आठवते, मी कधीच न पाहिलेली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ती पडली आणि माझा सहा वर्षांचा काका गेला. त्या भूकंपात या भागातली दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा. आज्जी अजून म्हणते, “दर साली म्याच सारवायची गं ती भिंत. कुठं चीर म्हणून ठिवली नव्हती.”

तिच्या बोलण्यात स्वतःला दिलेला दोष आहे. तो खरा नाही, हे मला तिला सांगायचं होतं.

भूकंपानंतर अभियंत्यांनी पडक्या घरांची पाहणी केली. भिंती हातभर, कुठे त्याहूनही रुंद. बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक, मधे माती आणि दगडगोटे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. वर माळवदाचं ओझं. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले. पुष्कळ घरांत लाकडी खांब उभे राहिले आणि भिंती मात्र ढासळल्या.

वेरूळचा गिलावा फक्त स्वतःचं वजन पेलतो. माती वाळताना आकसते, तडकते. तंतू ती फट पसरू देत नाहीत. आमच्या बायकाही त्यासाठीच मातीत भुसकट घालत. म्हणजे आज्जीचं काम चोखच होतं. पण सारवण बोटभरही जाड नसतं. त्याच्या आत काय आहे आणि कशाला काय धरून आहे, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

हे सगळं मी तिला सोपं करून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मग आतलं कुणी बघायचं व्हतं?”

मराठवाड्यात दगड-मातीची जुनी घरं अजून उभी आहेत. दिवाळीला ती बाहेरून रंगवलीही जातात.