मोठा न होणारा नट

कुडाळजवळच्या पिंगुळीत, गुढीपूरला, परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलंय. 2021 ची पद्मश्री मिळालेला हा माणूस. ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या पोथ्या, चामड्याच्या बाहुल्या, सगळं तिथे जपलेलं. मी मात्र खुंटीवरच्या एका कळसूत्री बाहुल्यासमोर अडकलो. दोऱ्या सैल, मान छातीवर, हात लोंबते. येताजाता कुणीतरी बोटानं एक दोरी उचलली आणि तो मान वर करून थेट माझ्याकडेच बघायला लागला. शेजारचा पोरगा दोन पावलं मागे सरला. ‘ह्यो बोलता?’ त्यानं आजोबांना विचारलं.

मला अर्धवटराव आठवले. शब्दभ्रमकार यशवंत केशव पाध्यांचा हा बोलका बाहुला. 1967 मध्ये चिरंजीव रामदास त्याला घेऊन रंगमंचावर आले, 1972 मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि अर्धवटराव घराघरांत शिरले. वय थोराड, पण वागणं बापाच्या मांडीवर बसून पाहुण्यांसमोर घरातली गुपितं फोडणाऱ्या कार्ट्याचं. ओशाळायचं काम पाध्यांकडे.

शब्दभ्रम रेडिओवर करायचा म्हणजे कमालच! ओठ न हलवण्याचं कसब, आणि बघायला कुणीच नाही. पण अमेरिकेत एडगर बर्गनच्या चार्ली मॅकार्थी या बाहुल्यानं 1937 पासून रेडिओ गाजवला. इंग्लंडात पीटर ब्रॉचा आर्ची अँड्र्यूज हा शाळकरी बाहुला 1950 मध्ये बीबीसीवर स्वतःचा कार्यक्रम घेऊन आला. पुढे टीव्ही आला, आणि ब्रॉचे ओठ हलतात हे लोकांना दिसलं. आर्चीचं वय मात्र तेवढंच राहिलं.

हाडामांसाच्या बालनटाला ही सवलत नाही. आवाज फुटतो, मिसरूड येते, आणि कौतुक करणारेच म्हणतात, लहानपणी काय गोड होता! सचिन पिळगावकर 1963 च्या ‘हा माझा मार्ग एकला’मधले, महेश कोठारेही त्याच काळातले. दोघं तगले ते, मला वाटतं, दिग्दर्शक होऊन, दोरी आपल्या हाती घेऊन. कोठाऱ्यांनी 1993 मध्ये ‘झपाटलेला’त तर बाहुल्यालाच खलनायक केलं. तात्या विंचू घडवला रामदास पाध्यांनी, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. दूरदर्शनवर चिमणराव होऊन हसवणारा हा नट इथे दिसतो थोडा, ऐकू येतो जास्त.

निघताना वळून पाहिलं. तो पोरगा पुन्हा खुंटीशी उभा होता. बाहुल्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. बोट दोरीपर्यंत पोचतं का, ते बघत होता.