लिंकर मागे वळत नाही
नाटे गावात, यशवंतगडाजवळच्या घरात बसून मी सी भाषेतली कामं करतो. शिकणाऱ्या मुलांचे फोन येतात ते बहुतेक एकाच तक्रारीसाठी: “सर, एसक्यूआरटी सापडत नाही म्हणतोय. लायब्ररी तर दिलीय!” दिलेली असतेच, पण आधी दिलेली असते.

त्यांनी लिहिलेलं असतं ‘जीसीसी -एलएम गणित.सी’. हवं ‘जीसीसी गणित.सी -एलएम’; ‘-एलएम’ म्हणजे गणिताची लायब्ररी. प्रोग्रामचे तुकडे जोडणारा लिंकर ही ओळ डावीकडून उजवीकडे वाचत जातो. काय लागतंय त्याची यादी हातात घेऊन बाजारातून एकच फेरी मारावी, तसा. यादी कोरी असताना जे दुकान लागलं, तिथे तो काहीच घेत नाही आणि पुन्हा तिकडे वळत नाही. स्टॅटिक लायब्ररीचं हे नेहमीचंच. उबुंटूवर शेअर्ड लायब्ररीही अशीच गळते, कारण तिथे ‘ॲज-नीडेड’, म्हणजे लागेल तेवढंच जोडायचं, हा पर्याय आधीपासून चालू असतो. तीच ओळ दुसऱ्या एखाद्या लिनक्सवर बिनतक्रार चालते आणि मुलं चक्रावतात. त्यात 2.0 सारख्या थेट लिहिलेल्या आकड्याचं वर्गमूळ, म्हणजे एसक्यूआरटी, कंपायलर स्वतःच काढून ठेवतो, मग लायब्ररी न देताही प्रोग्राम चालतो!

नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ आणि टर्बो सी यांवर आमच्याकडच्या कितीतरी मुलांनी ही भाषा गिरवली. टर्बो सीच्या निळ्या पडद्यामागे गणिताची लायब्ररी आपोआप जोडली जायची. लिंकरशी गाठच पडत नसे.

मला मात्र लिंकरची ही क्रमाची शिस्त मोलाची वाटते. कोण कुणावर अवलंबून आहे, ते क्रमातून कळतं. लॅपॅक या गणिती लायब्ररीला ब्लास ही दुसरी लायब्ररी लागते, म्हणून आधी लॅपॅक, मग ब्लास. 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये लायब्ररीतल्या फाइलींचा असा क्रम लावायला लॉर्डर आणि टीसॉर्ट ही खास साधनं होती. दोन लायब्रऱ्या एकमेकींवर विसंबून असतील, तर पहिलीचं नाव शेवटी पुन्हा लिहावं लागतं. ‘स्टार्ट-ग्रुप’मध्ये सगळ्या कोंबून लिंकरला फेऱ्या मारायला लावता येतं; मी ते शक्यतो टाळतो. दुसऱ्यांदा लिहिलेलं नाव पाहिलं की इथे गुंता आहे हे पुढच्या माणसाला कळतं. ग्रुपमध्ये तो झाकला जातो.

फोनवर मी आधी फाइलीतली नावं दाखवणारं ‘एनएम’ चालवायला सांगतो. ‘यू’ लागलेली नावं बाहेरून हवी आहेत, ‘टी’ लागलेली इथेच आहेत. दोन याद्या शेजारी ठेवल्या की क्रम मुलं स्वतःच सांगतात. तो मेकफाइलमध्ये ‘एलडीलिब्स’समोर लिहायचा, ‘एलडीफ्लॅग्ज’समोर नाही: मेक आपल्या ठरलेल्या नियमात फ्लॅग्ज फाइलींच्या आधी टाकतो आणि लिब्स नंतर.