घर पाहावे भाड्याने!

नागपूर सोडलं. लेक कोथरूडला, तिच्याजवळ राहावं असं ठरलं होतं. पण तिथे दोन खोल्यांचं भाडं 25 हजार, शिवाय डिपॉझिट! अर्ध्याहून जास्त पेन्शन तिथेच संपली असती. लेक म्हणाली, "आई, वरचे मी देते." तेच तर मला नको होतं.

मग धायरी पाहिली. भाडं कमी, पण सोसायटीच्या फाटकातच पाण्याचा टँकर उभा. पाणी विकत घ्यायचं तर स्वस्त कसलं?

शेवटी तळेगाव दाभाडे. भाडं 11 हजार, पहिला मजला, स्टेशन पायी दहा मिनिटं. लोकलने शिवाजीनगर, पुढे बस. अकरा महिन्यांचा करार मालकांना रीतसर नोंदवायला लावला. (ते म्हणे, "बाई, कशाला?" कायद्याने ती जबाबदारी मालकाचीच, हे त्यांना शिकवावं लागलं. सवय जात नाही!)

कूलर नागपुरातच विकून आले. इथल्या पावसात मात्र पापड आठवड्यात सादळले.

लेक महिनाभर रुसली होती. गेल्या रविवारी आली, गॅलरीतून डोंगराकडे बघत बराच वेळ उभी राहिली. भाड्याचा विषय काही काढला नाही. जाताना सांबारवड्यांचा डबा तेवढा मागून नेला.